एकच सामना खेळलेल्या इंग्लिश क्रिकेटपटूचं चरित्र कसं लिहावं

इंग्लंडच्या काउंटी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या संघांच्या) क्रिकेटमध्ये एक-दोन सामने खेळून कायमचे नाहीसे झालेले खेळाडू शेकड्यांनी सापडतात. त्यांच्यावर लिहायला घेतलं की दोनपैकी एक गत होते. एक तर 'अमुक हा इंग्लंडचा क्रिकेट खेळाडू होता' एवढ्या एका ओळीत माणूस संपतो, नाही तर माहिती नाही म्हणून अंदाजांचं पीठ मळलं जातं. खरं तर अशा खेळाडूबद्दल चारशे-पाचशे शब्दांचं नेटकं, तपासता येईल असं चरित्र लिहिणं शक्य असतं. त्यासाठी कुठे काय शोधायचं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे सांगितलं आहे.

उदाहरणाला फ्रेडरिक हायलंड घेऊ. १९२४ साली तो हॅम्पशायरकडून एक सामना खेळला, नॉर्दॅम्प्टनशायरविरुद्ध, नॉर्दॅम्प्टनला. पावसाने सगळा खेळ धुऊन नेला. जेमतेम दोन षटकं पडली आणि यजमानांनी बिनबाद १ धाव केली. हायलंडची प्रथम श्रेणी, म्हणजे वरच्या दर्जाच्या सामन्यांतली, कारकीर्द तेवढीच. याहून लहान कारकीर्द शोधायची तर भिंग लागेल.

आधी माणूस पक्का करा

क्रिकेटआर्काइव्ह किंवा क्रिकइन्फोवरचं खेळाडूचं पान ही सुरुवात, शेवट नव्हे. तिथून पूर्ण नाव, सगळे संघ, पहिल्या आणि शेवटच्या सामन्याच्या तारखा आणि मैदान एवढं उतरवून घ्या. मग त्या सामन्याचा धावफलक उघडा. वार्षिकांपैकी 'विस्डेन' सर्वांत उपयोगी, पण त्याच्या मुखपृष्ठावरचं साल आणि हंगामाचं साल वेगळं असतं. १९२४चा हंगाम १९२५च्या अंकात सापडतो आणि १९६४ साली वारलेल्या माणसाची मृत्युनोंद १९६५च्या अंकात. काहींची मृत्युनोंद तर बातमी उशिरा कळल्यामुळे कित्येक वर्षांनी पुरवणी यादीत येते, तेव्हा अपेक्षित अंकात नाव दिसलं नाही तर पुढचे अंकही चाळा.

सगळ्यात मोठा धोका आडनावाचा. वर्तमानपत्रातल्या जुन्या धावफलकांत बऱ्याचदा नुसतं आडनाव असतं. एकाच काउंटीत दोन भाऊ, काका-पुतणे किंवा काहीच नातं नसलेले दोन स्मिथ असले की एकाच्या धावा दुसऱ्याच्या नावावर जातात. अशा वेळी आद्याक्षरं कशी छापली आहेत ते बघा. १९६२च्या हंगामापर्यंत इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक असा भेद होता आणि तो छपाईतही पाळला जाई. हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकाची आडनावानंतर, किंवा त्याचं नुसतंच आडनाव. १९५० साली लॉर्ड्सवर धावफलकाच्या छापील पत्रिकेत 'एफ. जे. टिटमस' असं चुकून छापलं गेलं, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर झाली की ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. आज हसू येतं, पण संशोधकाला हा भेद म्हणजे आयता धागा आहे. एकाच आडनावाच्या दोघांपैकी एक हौशी आणि दुसरा व्यावसायिक असेल, तर नुसत्या छपाईवरून कोण कोणता हे कळतं.

सामन्याआधी छापलेल्या संघावर मात्र विसंबू नका. त्या यादीत बारा-तेरा नावं असत आणि सकाळी खेळपट्टी बघून त्यातले काही वगळले जात. बारावा खेळाडू बदली म्हणून मैदानात उतरला, त्याने झेलही घेतला, तरी तो सामना त्याच्या खात्यात जमा होत नाही.

धावफलकातली रिकामी जागा आणि शून्य

हायलंडच्या नावापुढे सामने १, डाव ०. मग धावा किती? इथे बहुतेक जण '०' लिहून मोकळे होतात, आणि चूक होते. शून्य धावा म्हणजे फलंदाजीला येऊन धाव न काढणं. हायलंड फलंदाजीला आलाच नाही, त्यामुळे धावा, सरासरी आणि सर्वोच्च धावसंख्या या तिन्ही रकान्यांत आडवी रेघ हवी. गोलंदाजीचंही तेच. त्याने चेंडू टाकला नाही, तर बळींच्या रकान्यात शून्य नको, रेघ द्या. याउलट झेलांच्या रकान्यात ० बरोबर आहे, कारण संघ क्षेत्ररक्षणाला उतरला होता.

त्याच १९२४ साली जॅक मॅकब्रायनची कसोटी कारकीर्दही अशीच वाहून गेली. ओल्ड ट्रॅफर्डवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत पाहुण्यांच्या ४ बाद ११६ धावा झाल्या आणि पावसाने पुढचं सगळं रद्द केलं. मॅकब्रायनला फलंदाजी मिळाली नाही, गोलंदाजी मिळाली नाही, त्याच्या हातून झेलही नाही. पुन्हा त्याची निवड झाली नाही. मात्र हा 'किरकोळ' खेळाडू नव्हता. सॉमरसेटचा तो नावाजलेला फलंदाज, प्रथम श्रेणीत दहा हजारांहून जास्त धावा, शिवाय १९२०च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक. म्हणून लिहिताना 'कसोटी कारकीर्द एका सामन्याची' आणि 'कारकीर्द एका सामन्याची' यांत गल्लत करू नका. पहिल्याच वाक्यात कुठल्या दर्जाचा सामना ते लिहा.

डाव मोजण्याचे नियम एकदा नीट समजून घ्या:

– 'फलंदाजी केली नाही' अशी नोंद असेल तर सामना मोजायचा, डाव नाही.
– जखमी होऊन निवृत्त झालेल्याचा डाव मोजतात आणि तो नाबाद धरतात.
– 'गैरहजर' किंवा 'जखमी, गैरहजर' असेल तर डाव धरत नाहीत, जरी त्यामुळे संघाचा डाव नऊ गड्यांवर संपला असला तरी.
– एकही चेंडू न पडता रद्द झालेले इंग्लंडमधले जुने सामने खेळाडूच्या संख्येत येत नाहीत. हायलंडच्या सामन्यात दोन षटकं पडली, म्हणूनच त्याचं नाव प्रथम श्रेणीच्या यादीत आहे.

सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, तर बाद झालेल्या डावांनी भागा. समजा ३ सामने, ५ डाव, २ वेळा नाबाद आणि ४१ धावा असतील, तर ४१ भागिले ३, म्हणजे १३.६६. कॅल्क्युलेटर १३.६७ दाखवेल, पण क्रिकेटच्या तक्त्यांत सहसा दोन दशांशांपुढचे आकडे सोडून देतात, पूर्णांकन करत नाहीत. खेळाडू एकदाही बाद झाला नसेल तर सरासरी निघतच नाही, मग त्याने शंभर धावा का केलेल्या असेनात.

गोलंदाजीत षटकांचे चेंडू करताना साल बघा. इंग्लंडमध्ये १८८८च्या हंगामापर्यंत षटक चार चेंडूंचं होतं, १८८९ ते १८९९ पाच चेंडूंचं, १९००पासून सहाचं. १९३९ या एकाच हंगामात आठ चेंडूंची षटकं टाकली गेली. म्हणजे १८८५ सालची १२ षटकं म्हणजे ४८ चेंडू, १८९५ सालची ६० आणि १९०५ सालची ७२. आजच्या सवयीने सरसकट सहाने गुणलं की गोलंदाज होता त्याहून कितीतरी निष्प्रभ दिसतो.

तो सामना प्रथम श्रेणी होता का?

एका सामन्याच्या खेळाडूचं सगळं चरित्र या एका प्रश्नावर उभं असतं. प्रथम श्रेणी सामन्याची अधिकृत व्याख्या १९४७ साली ठरली आणि ती मागच्या सामन्यांना लागू केली नाही. त्याआधीच्या सामन्यांचा दर्जा अभ्यासकांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी ठरवला, आणि सगळ्यांचं एकमत नाही. जॅक हॉब्जची शतकं कुणी १९७ देतं, कुणी १९९, ती याच कारणाने. हॉब्जच्या बाबतीत दोनाने फरक पडत नाही. तुमच्या खेळाडूच्या बाबतीत एक सामना गळला तर माणूसच गळतो. म्हणून कोणत्या यादीप्रमाणे मोजलं ते लेखात सांगा आणि शेवटपर्यंत तीच यादी धरा.

काउंट्यांचा दर्जाही येत-जात राहिला. हॅम्पशायरचे १८८६ ते १८९४ या काळातले सामने प्रथम श्रेणीत धरत नाहीत. नॉर्दॅम्प्टनशायर १९०५ साली या वर्तुळात आलं, ग्लॅमॉर्गन १९२१ साली, डरहॅम थेट १९९२ साली. त्याआधी या संघांकडून खेळलेला खेळाडू पुष्कळदा मायनर काउंटी, म्हणजे प्रथम श्रेणीचा दर्जा नसलेल्या काउंट्यांच्या, स्पर्धेतला असतो. ती स्पर्धा १८९५ साली सुरू झाली आणि तिच्यात मोठ्या काउंट्यांचे दुय्यम संघही खेळत. एकच प्रथम श्रेणी सामना खेळलेला माणूस तिथे दहा वर्षं खेळलेला असू शकतो, म्हणून तो शोध टाळू नका. फक्त दोन्ही आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

उलटही घडतं. १८८८-८९ साली इंग्लंडचा एक संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. त्यातला एमिल मॅकमास्टर मार्च १८८९मध्ये केपटाउनला खेळला आणि शून्यावर बाद झाला. त्याचा हा एकमेव प्रथम श्रेणी सामना. पुढे त्या सामन्याला कसोटीचा दर्जा दिला गेला आणि मॅकमास्टर कसोटीपटू ठरला. 'मॅकमास्टरने कसोटी पदार्पण केलं' असं लिहिणं आकड्यांच्या दृष्टीने बरोबर, पण त्या दिवशी मैदानावर आपण कसोटी खेळतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं. एक वाक्य जास्त खर्च करून हा क्रम स्पष्ट करा. आणि हो, मॅकमास्टरचा जन्म आयर्लंडमधला. 'इंग्लंडचा खेळाडू' आणि 'इंग्लंडमध्ये जन्मलेला' हे एकच समजू नका.

मैदानाबाहेरचं आयुष्य

इथे खरा मालमसाला मिळतो. पाच दिवसांचं क्रिकेट असलेल्या माणसाला उरलेली साठ वर्षं काहीतरी करावंच लागलं असणार. हायलंडच्या 'विस्डेन'मधल्या मृत्युनोंदीत तो फेब्रुवारी १९६४मध्ये ७०व्या वर्षी वारला, तो व्यावसायिक खेळाडू होता आणि पुढे चेशायरमध्ये रोपवाटिकेच्या धंद्यात त्याने नाव मिळवलं, असं आहे. एवढ्या दोन ओळींतून पुढच्या शोधाला चार दिशा मिळतात: अंदाजे जन्मसाल, मृत्यूचा महिना, जिल्हा आणि व्यवसाय.

जन्म-मृत्यूची नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ला सुरू झाली. जुनी सूची तिमाहीवार आहे आणि तिमाहीला तिच्या शेवटच्या महिन्याचं नाव असतं, म्हणजे 'मार्च १९६४' या नोंदीत जानेवारी ते मार्च असे तिन्ही महिने येतात. मूल डिसेंबरात जन्मलं आणि नोंद जानेवारीत झाली, तर सूचीत साल पुढचं दिसतं. नुसत्या सूचीवरून जन्मतारीख लिहिता येत नाही. ती दाखल्यातून किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून घ्या. नोंदवहीतसुद्धा बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्मतारीख वेगळी असते, हे विसरून लिहिलेली चरित्रं पुष्कळ आहेत.

जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षांनी खुली होते. १९११ची गणना २ एप्रिलला झाली, म्हणजे हंगामाच्या आधी, त्यामुळे खेळाडू घरी सापडतो. १९२१ची मात्र संपामुळे लांबून १९ जूनला, ऐन हंगामात झाली. तो रविवार होता. काउंटी संघ दौऱ्यावर असेल तर खेळाडू घरच्या पत्त्यावर न दिसता दुसऱ्या गावच्या हॉटेलात दिसू शकतो. या गणनेत मालकाचं नाव आणि कामाचं ठिकाण असा रकाना आहे, व्यावसायिक खेळाडूसाठी तो पहिल्यांदा बघा. १९३१ची कागदपत्रं १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला गणना झालीच नाही. ही पोकळी २९ सप्टेंबर १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीने बऱ्याच अंशी भरते. तिच्यात जन्मतारीख आणि व्यवसाय दोन्ही असतात. तारीख माणसाने स्वतः सांगितलेली असते, म्हणून दाखल्याशी जुळवून घ्या.

१८५८पासूनच्या मृत्युपत्रांच्या वार्षिक सूचीत पत्ता, मृत्यूची नेमकी तारीख आणि मालमत्तेची रक्कम असते. सूचीचं साल हे मंजुरीचं साल असतं, मृत्यूचं नव्हे. एक-दोन वर्षं पुढेही शोधा. त्यातली रक्कम 'त्याची संपत्ती' म्हणून छापू नका, कारण जुन्या नोंदींत जमीनजुमला त्यात धरलेला नसे.

सैन्यातल्यांसाठी अधिकाऱ्यांच्या नेमणुका 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात मिळतात, तर युद्धात पडलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे असते. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक १९४०च्या बॉम्बवर्षावात जळाली. तेव्हा नोंद सापडत नाही म्हणजे तो लढला नाही, असा अर्थ काढायचा नाही.

हौशी खेळाडू खासगी शाळांतून आलेले असतील तर 'विस्डेन'चा शालेय विभाग बघा. मुलांच्या सरासऱ्या तिथे छापलेल्या असतात. कवी रूपर्ट ब्रुकची मृत्युनोंदही 'विस्डेन'ने घेतली, ती त्याच्या शालेय गोलंदाजीपोटी!

कारकीर्द का संपली, हे लिहिताना हात आखडा

'अपयशामुळे त्याला वगळण्यात आलं' हे वाक्य अशा लेखांत फुकट मिळतं. पुरावा नसेल तर फक्त 'त्यानंतर तो काउंटीकडून खेळला नाही' एवढंच लिहा. हौशी माणूस नोकरीतून सुटी मिळेल तेव्हा खेळे, लष्करी अधिकारी रजेवर असताना. विद्यापीठातले खेळाडू पदवी मिळाली की वकिलीला, शाळेत शिकवायला किंवा वसाहतींत जात. काही जण नेहमीचा खेळाडू कसोटीला गेला म्हणून एका सामन्यापुरते बोलावले गेले. त्या आठवड्यात कसोटी होती का ते तपासा, कोडं बऱ्याचदा तिथेच सुटतं. १९१५ ते १९१८ आणि १९४० ते १९४५ या काळात काउंटी स्पर्धा झालीच नाही. १९१४ला पदार्पण केलेला खेळाडू १९१९ला दिसत नसेल, तर आधी युद्धातल्या मृतांची यादी बघा, मग निवडसमितीवर घसरा.

मजकूर असा बांधा

पहिल्या परिच्छेदात माणूस, दर्जा, संघ, साल आणि सामन्यांची संख्या. नमुना:

'फ्रेडरिक हायलंड (मृत्यू: फेब्रुवारी १९६४) हा हॅम्पशायरकडून १९२४ साली एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला व्यावसायिक इंग्लिश क्रिकेटपटू होता. नॉर्दॅम्प्टन येथील नॉर्दॅम्प्टनशायरविरुद्धच्या या सामन्यात पावसामुळे दोनच षटकांचा खेळ झाला आणि यजमानांनी बिनबाद १ धाव केली. हायलंडला फलंदाजी किंवा गोलंदाजी मिळाली नाही. पुढे चेशायरमध्ये रोपवाटिकेच्या व्यवसायात त्याने नाव मिळवलं.'

यात 'दुर्दैवी', 'गुणी', 'विस्मृतीत गेलेला' यांपैकी एकही विशेषण नाही. बिनबाद १ हा आकडाच पुरेसा बोलतो. 'त्याने चेंडूला हातही लावला नाही' असं लिहायचा मोह आवरा. धावफलक तसं काही सांगत नाही. षटकांच्या मध्ये चेंडू त्याच्याकडून गेलाही असेल.

दोन-तीन सामने असतील तर प्रत्येक सामन्याला एक-दोन वाक्यं द्या: प्रतिस्पर्धी, मैदान, फलंदाजीचा क्रमांक, धावा, कुणी बाद केलं. त्याला बाद करणारा गोलंदाज नामांकित असेल तर नाव जरूर द्या, वाचकाला काळ लगेच कळतो. धावफलकातला फलंदाजीचा क्रम मात्र जपून वापरा. जुन्या छापील फलकांत दुसऱ्या डावातला बदललेला क्रम नेहमी दाखवलेला नसतो.

गावांची आणि काउंट्यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहा: वूस्टरशायर, लेस्टरशायर, ग्लॉस्टरशायर, वॉरिकशायर. अक्षरं बघून 'वॉर्सेस्टरशायर' लिहिलं की जाणकार वाचक तिथेच लेख बंद करतो.

नोंद मुंबई-पुण्याची असेल तर

कित्येक इंग्लिश खेळाडूंच्या संघांच्या यादीत काउंटीशेजारी 'युरोपियन्स' असं दिसतं. हा हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचा संघ. पारशी विरुद्ध युरोपियन हे प्रेसिडेन्सी सामने १८९२पासून प्रथम श्रेणीत धरतात. १९०७ला हिंदू संघ आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ला मुसलमान संघ आल्यावर चौरंगी. अशा खेळाडूची काउंटी कारकीर्द दोन सामन्यांची दिसली, तरी मुंबई-पुण्यातले सामने मिळवले की एकूण संख्या बदलते, तेव्हा 'एकूण प्रथम श्रेणी' आणि 'काउंटीकडून' हे आकडे वेगळे द्या.

या खेळाडूंची माहिती इंग्लंडमधल्या दप्तरांपेक्षा इथल्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि लष्करी बदल्यांच्या नोंदींत जास्त मिळते. हॅम्पशायरचा जॉन ग्लेनी ग्रेग त्यांतला सगळ्यात ठळक, इकडे 'जंगली' ग्रेग म्हणून ओळखला गेलेला. पुण्याच्या जिमखान्यावर त्याला सरावासाठी चेंडू टाकणारा तरुण म्हणजे पाळवणकर बाळू. ग्रेगबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, पण त्याच्याबरोबर त्या संघात उतरलेल्या एक-दोन सामन्यांच्या लेफ्टनंट-कॅप्टनांबद्दल फारसं नाही. त्यांना शोधताना धावफलकावरचा हुद्दा आणि आद्याक्षरं जशीच्या तशी उतरवा, पलटणीचं नाव त्या सालच्या लष्करी यादीतून काढा आणि मगच जन्मनोंदीकडे वळा. त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म हिंदुस्थानातच झालेला असतो. तो इंग्लंडच्या नोंदणी सूचीत सापडत नाही, इथल्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींत सापडतो. त्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.